सव्वीसाव्या वर्षी कंबर गेली!

परवा इंदूरच्या सराफ्यात (रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला गेलो आणि रांगेतच कंबर धरली, वय फक्त 26! आजी म्हणते, माझी बरी रे तुझ्यापेक्षा. वर्षभर बेडवर पोक काढून लॅपटॉप, दुसरं काय. कमरेत 5 मणके, त्यांना आतल्या बाजूला बाक असतो, पोक काढलं की तो सपाट होतो नि मधल्या चकत्यांवर पुढून दाब येतो, शिवाय मोठेपणी चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळपास नसतोच, आजूबाजूने झिरपूनच पोषण मिळतं नि हालचालीने त्याला मदत होते, म्हणजे ताठ बसून तासन्तास हललोच नाही तरी उपयोग नाही. फिजिओ म्हणाला अर्ध्या तासाने उठ, खुर्चीचं नंतर बघू (मी महागडी आधीच ऑर्डर केलेली, असो). आता पाणी मुद्दाम छोट्या ग्लासात पितो, सारखं उठावंच लागतं.