दुखणं जड का जातं?

लीड्समध्ये यंदा बर्फ पडला तेव्हा दारासमोरची वाट मीच फावड्याने मोकळी केली, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली. फिजिओथेरपिस्टने समोर एक कागद घेतला. त्यावर माणसाची नुसती आकृती, पुढून आणि मागून. मी जिथे बोट ठेवलं तिथे तिने निळ्या पेनाने बारीक रेघा ओढल्या आणि विचारलं, "व्हॉट ॲग्रव्हेट्स इट?"

मी गप्पच झाले. ऑफिसात हा शब्द मी रोज ऐकते, पण तिथे 'ॲग्रव्हेटिंग' म्हणजे डोकं फिरवणारं, वैताग आणणारं. कंबरेला राग कशाचा येणार? तिला ते कळलं असावं. तिने कागदावर दोन रकाने केले: काय केलं की वाढतं, काय केलं की उतरतं.

घरी येऊन शब्दाचं मूळ शोधलं आणि त्यातच रमले. लॅटिनमध्ये 'ग्राविस' म्हणजे जड. 'ॲग्रव्हेट' म्हणजे आधीच्या ओझ्यावर आणखी भार घालणं. इंग्रजीत तो १६व्या शतकात आला, चिडवण्याचा अर्थ त्याला पुढच्या शतकात चिकटला. कायद्यात मात्र जुना अर्थ टिकून आहे. इथल्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये शस्त्र घेऊन केलेली घरफोडी ही 'ॲग्रव्हेटेड बर्गलरी'. गुन्हा तोच, पण वजन वाढलेलं.

आणि हा 'ग्राविस' आपल्या 'गुरु'चा सख्खा भाऊ आहे! संस्कृतात गुरु म्हणजे आधी जड, मग मोठा, मग शिकवणारा. वृत्तातले लघु-गुरु आठवा. 'ग्रॅव्हिटी'ला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, तेव्हा एकाच मुळाचे दोन फाटे पुन्हा शेजारी येतात. 'ग्रीफ' म्हणजे दुःख, तेही याच घरातलं. आपणही म्हणतोच की, "हे दुखणं त्याला जड गेलं."

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अंगावर काढू नकोस गं, विकोपाला जाईल." आणि मला लख्ख दिसलं: विकोपात कोप आहे, म्हणजे राग! वैद्यही वाताचा प्रकोप म्हणतात, उन्हाळ्यात साठलेला वात पावसाळ्यात कोपतो. मघाशी मला पडलेला प्रश्न मराठीने केव्हाच सोडवून ठेवला होता. दुखण्याला राग येतो, हे आपल्याकडे आजीबाईलाही ठाऊक असतं. इंग्रजी भारातून रागाकडे गेली, आपल्याकडे रागातूनच बिघडणं आलं. दोन्ही भाषा एका दुखऱ्या कंबरेवर येऊन भेटल्या, याचा मला फार आनंद झाला.

पुढच्या भेटीसाठी मी तो कागद भरलाय. उतरतं कशाने: शेक, कुशीवर झोपणं, सावकाश चालणं. वाढतं कशाने: खुर्चीत सलग बसणं, वाकून मशीनमधले कपडे काढणं, लेकीला कडेवर घेणं. लेक सोळा किलोंची आहे. बाकीचं सगळं मी पाळतेय.