शून्य मीटर नेमकं कुठे?

एलिफंट सील हा समुद्री सस्तन प्राणी किती खोल बुड्या मारतो याचा अभ्यास करताना, त्याला टॅग, म्हणजे नोंदी ठेवणारं छोटं यंत्र, लावणं हे फोटोत येणारं काम. भूल दिलेल्या मादीच्या डोक्यावरच्या केसांना तो इपॉक्सीनं चिकटवतात. वर्षातून एकदा जुने केस-कातडी झडतात तेव्हा तोही गळून पडतो. माझ्या वाट्याला आले ते नंतरचे आकडे. त्यातून बुड्या शोधायच्या होत्या.

टॅग खोली मोजत नाही, दाब मोजतो. दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, त्यावरून खोली काढतात. पण तापमान बदललं की सेन्सरचा आकडा सरकतो आणि सेन्सर जुना होतानाही तो सरकतच राहतो. माझ्या फाइलीत मादी श्वास घ्यायला वर आलेली असायची कधी उणे 4 मीटरवर, म्हणजे चक्क हवेत, तर कधी 6 मीटर पाण्याखाली! आधी हे शून्य दुरुस्त करायचं. आधार एकच: ती वर येतेच. समुद्रात असताना तिचा जवळजवळ 90 टक्के वेळ पाण्याखाली जातो. वीस-तीस मिनिटांची बुडी, वर दोन-तीन मिनिटं, की पुन्हा खाली. ती दोन-तीन मिनिटं हुडकून तिथे शून्य धरायचं. हे सॉफ्टवेअर करतं, पण एका वेळी किती मिनिटांचा तुकडा तपासायचा हे आपण सांगावं लागतं. तुकडा बुडीपेक्षा लहान ठेवला तर त्यात पृष्ठभाग येतच नाही आणि खोल पाण्यालाच शून्य समजलं जातं. लांबलचक बुड्या अशाच गायब होतात.

पुढचा प्रश्न, किती मीटरच्या खाली गेल्यावर बुडी म्हणायचं? मी 15 ठरवले. आकडा कमी केला की लाटांवरची चुळबुळही बुड्यांत जमा होते. ही मर्यादा न सांगता छापलेली बुड्यांची संख्या मी तरी वाचून सोडून देतो. (1960च्या दशकात संशोधक जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकात वेडेल सीलसाठी स्वयंपाकघरातल्या टायमरपासून बुडीची खोली नोंदवणारं यंत्र बनवलं होतं. तेव्हा हा आकड्यांचा डोंगर तरी नव्हता.)

मला खरं हवं होतं ते ‘ड्रिफ्ट’ बुड्यांमध्ये. त्यांत मादी पोहणं थांबवून नुसती तरंगत खाली जाते. उत्तरेकडच्या एलिफंट सील याच वेळी झोपतात, समुद्रात दिवसाला जेमतेम दोन तास, हे 2023 मध्ये मेंदूच्या लहरी नोंदवून दाखवलं गेलं. चरबी वाढत जाते तसा बुडण्याचा वेग मंदावतो. फार लठ्ठ झालेली मादी तर उलट वर सरकते. म्हणजे तिनं किती खाल्लं, हे आलेखातल्या खोलीच्या रेषेच्या उतारावरून कळतं. आणि उतारच पाहायचा असल्यामुळे शून्य दोन-चार मीटर इकडेतिकडे झालं असतं तरी, बुडी सापडल्यावर, काही बिघडलं नसतं.