पाय कोण हलवतंय, मशीन की पेशंट?

मणक्याला मार लागून हातपाय लुळे पडलेल्यांना व्यायाम देणं हे माझं रोजचं काम. 'करंट'बद्दल, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाने देतात त्या उपचाराबद्दल, घरचे लोक इतकं काही ऐकून आलेले असतात की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

मांडीच्या पुढच्या स्नायूवर दोन पॅड चिकटवून तीव्रता हळूहळू वाढवली की आधी स्नायू फुरफुरतो, मग टणक होतो आणि गुडघा सरळ होतो. कित्येक महिने निपचित पडलेला पाय उचललेला पाहून आईवडिलांचे डोळे भरून येतात. "मॅडम, ताकद आली!" त्या क्षणी मला फार जपून बोलावं लागतं, कारण हा पाय मशीनने हलवलेला असतो. याला एफईएस (फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन) म्हणतात. करंट स्नायूकडे जाणाऱ्या नसेला चेतवतो, मेंदूच्या निरोपाचा त्यात संबंध नसतो. ही कल्पना जुनी आहे. लिबरसन या डॉक्टरांनी १९६१ मध्ये अर्धांगवायूच्या पेशंटच्या बुटात टाचेखाली स्विच बसवला होता. टाच उचलली की करंट सुरू व्हायचा आणि लोंबणारं पाऊल वर यायचं.

एफईएसला मी मुळीच कमी लेखत नाही. त्यावर सायकल चालवली की सुकलेल्या मांड्या भरतात, दमही वाढतो. फक्त करंटने स्नायू लवकर थकतो. शिवाय स्नायूकडे जाणारी ती नसच मेली असेल, तर नेहमीच्या पॅडने स्नायू दाद देत नाही.

दुसरा करंट थेट मज्जारज्जूसाठी असतो, आणि त्याची गोष्टच निराळी. अमेरिकेत लुईव्हिलला संशोधक सुझन हार्केमा आणि सहकाऱ्यांनी रॉब समर्स या तरुणाच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. २००६ मध्ये गाडीने उडवल्यापासून त्याचे पाय गेले होते. करंट चालू असताना तो स्वतःच्या वजनावर उभा राहू लागला. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली: करंट चालू असताना तो सांगितल्यावर पायाची बोटं, घोटा, गुडघा हलवू लागला. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे करंट पाय उचलत नाही. तो मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनेच्या नसा चेतवतो आणि दुखापतीच्या खालची सुस्तावलेली यंत्रणा जागी ठेवतो. तपासणीत 'पूर्ण' (म्हणजे खाली हालचाल किंवा जाणीव उरलेली नाही अशी) ठरलेल्या दुखापतीतही बऱ्याचदा काही तंतू शिल्लक असतात. त्यांतून येणारा क्षीण निरोप एरवी वाया जातो, आता तो कामी येतो. हलवण्याची इच्छा पेशंटचीच असावी लागते, आणि म्हणूनच व्यायामाशिवाय हा करंट अर्धवट आहे.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रेग्वार कुर्तीन आणि जोस्लीन ब्लोक यांच्या गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. सतत करंट दिला की आपला पाय कुठे आहे ही जाणीवच दबते. म्हणून त्यांनी पाऊल उचलायच्या आणि टेकायच्या वेळा साधून, योग्य त्या जागी करंट दिला. २०२२ मध्ये त्यांचे पेशंट पहिल्याच दिवशी पावलं टाकू लागल्याच्या बातम्या झळकल्या. त्या खऱ्याच आहेत, पण त्या दिवशी शरीराचं वजन वरून पट्ट्यांनी पेललेलं होतं आणि पुढे महिनोन्महिने सराव होता. बातमीत हा भाग एका ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं, कारण घरचे लोक त्या पहिल्या दिवसाकडेच डोळे लावून बसतात.

मला स्वतःला पायांपेक्षा हातांच्या कामाचं जास्त अप्रूप आहे. मानेला मार लागलेल्या एका मुलाची बोटं मिटत नाहीत. तो मनगट वर उचलतो, बोटं आपोआप किंचित वळतात आणि तेवढ्या पकडीत चमचा धरतो. चालण्याचा विषय तो काढत नाही. त्याला लघवीची नळी स्वतःच्या हाताने घालायची आहे. संशोधक किम अँडरसन यांच्या २००४ च्या पाहणीतही चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी हातांनाच पहिलं स्थान दिलं होतं.

म्हणूनच २०२४ चा अप-लिफ्ट अभ्यास मला मोलाचा वाटतो. शस्त्रक्रिया नाही, मानेवर त्वचेवरूनच करंट. ६० जणांनी आधी दोन महिने नुसता व्यायाम केला, मग दोन महिने करंटसह. हाताची ताकद आणि वापर या दोन्हींत ७२ टक्के लोकांना फायदा झाला, आणि त्यांत दुखापतीला अनेक वर्षं उलटलेलेही होते. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने त्या यंत्राला परवानगी दिली.

कुठल्याही केंद्रात जाल तेव्हा विचारा: हा करंट स्नायूसाठी आहे की मज्जारज्जूसाठी? पेशंटने स्वतः काय करायचं आहे? मशीन बंद केल्यावर किती टिकतं? पॅड काढल्यावर कातडी नीट पाहा, जाणीव नसलेल्या जागी भाजलेलं कळत नाही. आणि दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला, चेहरा लाल व्हायला लागला, तर मशीन लगेच बंद करा, पेशंटला ताठ बसवा, लघवीची नळी तुंबली आहे का बघा आणि रक्तदाब मोजून डॉक्टरांना बोलवा.