अंगठ्याला कोण समजावणार?

दहाएक वर्षं अँड्रॉइड वापरून मी आयफोनवर आले. कारण अगदी साधं होतं. घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन. ते एअरड्रॉपवर, म्हणजे ॲपलच्या उपकरणांमधल्या थेट देवाणघेवाणीच्या सोयीवर, एकमेकांना फोटो द्यायचे आणि मी ‘मला व्हॉट्सॲपवर टाका ना’ म्हणत बसायचे.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी केली. नवा फोन हातात आल्यावर धीर कुठला! भाषा निवडली, वायफाय जोडलं, चेहरा दाखवला आणि पुढे पुढे करत थेट होम स्क्रीनवर पोचले. मग कळलं की जुन्या फोनमधलं सामान आणायला ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप अँड्रॉइडवर घ्यायचं असतं आणि ते वापरायचं असतं आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच. संपर्क आणि फोटो गूगलच्या खात्यातून नंतरही आले असते. प्रश्न होता व्हॉट्सॲपचा. अँड्रॉइडवरचा त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर, आयफोनवरचा ॲपलच्या आयक्लाउडवर, आणि इकडचा तिकडे चालत नाही. 2022 पासून जुनी चॅट ‘मूव्ह टू आयओएस’मधूनच नेता येते, पण त्यासाठी आयफोन कोरा लागतो. म्हणजे दोन तासांपूर्वी सजवलेला फोन पुसणं आलं.

दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं. दोन्ही फोन चार्जरला लावले. मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून जुन्यातलं सिम आधीच काढलं, कारण हे ॲप शेवटपर्यंत स्क्रीनवर उघडं राहावं लागतं. आयफोनवर दिसलेला कोड जुन्या फोनवर टाकला आणि गप्प बसले. जुना फोन ‘झालं’ म्हणाला तरी आयफोनवरची पट्टी भरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हे महत्त्वाचं. चॅट आली, व्हॉट्सॲपमधल्या कॉलची यादी मात्र आली नाही. तिचं मला काही वाटलं नाही. विकत घेतलेली दोन ॲप्स पुन्हा विकत घ्यावी लागली, त्याचं वाटलं. लॉगिनचे कोड देणारं ॲप एकेका खात्यासाठी नव्यानं जोडण्यात अख्खी दुपार गेली. बऱ्याच ठिकाणी आधी जुन्या फोनवरचाच कोड मागत होते. घाईनं जुना फोन पुसला असता तर बसले असते!

सामान आलं, अंगठा मात्र जुन्याच घरी राहिला. अँड्रॉइडवर डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून बोट आत सरकवलं की माणूस मागे येतो. मी फोन उजव्या हातात धरते, त्यामुळे सवय उजव्या कडेची. आयफोनवर मागे यायचं ते बहुतेक ठिकाणी डाव्या कडेवरून. काही ठिकाणी वर कोपऱ्यात फुली, काही ठिकाणी अख्खं पान खाली ओढायचं. एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की परतीची वाट वर डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेली असते. ती मला तिसऱ्या आठवड्यात दिसली. या बाबतीत अँड्रॉइड सरस, माझं मत अजून बदललेलं नाही.

उलट वर जिथे वेळ दिसते तिथे टिचकी मारली की लांबलचक पान सर्रकन सुरुवातीला येतं, त्यावर मी फिदा आहे. कीबोर्डवर आकड्यांची वेगळी ओळ नाही म्हणून कुरकुरत होते; मग कळलं, ‘123’वर बोट दाबून तसंच आकड्यापर्यंत सरकवायचं आणि सोडायचं, अक्षरं आपोआप परत येतात.

एका गोष्टीशी मात्र जमलं नाही. अँड्रॉइडवर रिंग आणि गजर यांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात. आयफोनवर दोन्हींची पट्टी एकच, हे सेटिंग न बघताच मी रात्री रिंग बारीक केली आणि सकाळी गजर कानात कुजबुजून गेला. त्यात माझ्याकडच्या आयओएस 18मध्ये (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली) स्नूझ, म्हणजे गजर पुढे ढकलणं, ठरलेलं 9 मिनिटांचं. मला लागतात पाच-पाच मिनिटांचे तीन हप्ते. म्हणून जुना फोन, सिमशिवाय, अजून उशाशी असतो.