पार्किंगमधली बोट विकताना

आमच्या धायरीच्या सोसायटीत दोन वर्षं एक चौदा फुटी बोट उभी होती आणि ती माझी होती. पुण्यात बोट कशाला, हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, किराणा दुकानात आणि वार्षिक सभेत विचारून झालाय. चेअरमन साहेबांचं म्हणणं असं की पार्किंग चारचाकीचं आहे आणि बोटीला चाकं नसतात. ट्रेलरला असतात, हे मी सांगितलं; ते इतिवृत्तात आलं नाही.

बोट २००९ सालची, फायबरची. मागे यामाहाचं १५ हॉर्सपॉवरचं एन्ड्युरो इंजिन, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचं. तेरा वर्षं ती भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर असायची. शनिवारी रात्री निघायचं, रविवारी पहाटे गळ टाकायचे. रोहू-कटला लागला तर उत्तम, नाही तर भिगवणच्या बाजारातून घेऊन घरी 'लागला' म्हणायचं. मग मणक्याने नकार दिला आणि बोट घरी आली.

जाहिरात टाकली मे २०२४ मध्ये. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. उजनीत पोटभर धरलं तर ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यात मोडतं. त्या उन्हाळ्यात धरण वजा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृत साठ्यातही बरंच खाली गेलं होतं. एरवी पाण्याखाली असणारं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलेलं, काठाला नुसता गाळ. अशा वेळी बोट कोण घेणार? त्यात २१ मे रोजी उजनीतच कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्या आठवड्यात बोटीचा भाव सांगायला माझी जीभ रेटेना. जाहिरात काढून टाकली.

पाऊस झाला, धरण भरलं, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा टाकली. किंमत दोन लाख वीस हजार, ट्रेलरसकट. फोन धडाधड यायला लागले आणि निम्म्यांचं पहिलं वाक्य एकच, "लास्ट किती बोला." एकाने न बघता पूर्ण रक्कम कबूल केली, आपण सैन्यात आहोत म्हणाला आणि पैसे 'घेण्यासाठी' मला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही एवढं मला कळतं. मी त्याला म्हटलं, रोख घेऊन ये, चहा पाजतो. पुन्हा फोन नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. मी बोट विकत होतो आणि लोक इंजिन मागत होते. जुनं, बरं ठेवलेलं टू-स्ट्रोक म्हटल्यावर मच्छीमार उड्या मारतात. कुठल्याही गावातला दुचाकीचा मेकॅनिक ते उघडू शकतो. एक दलाल तर पंचाण्णव हजार हातात घेऊनच आला, नुसतं इंजिन द्या म्हणाला. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण इंजिन गेलं की मागे उरते ती चौदा फुटी कुंडी. आमचे सेक्रेटरी म्हणालेच होते की त्यात कढीपत्ता छान येईल. मी दलालाला नाही म्हटलं. कोणी विचारलं तर मी आजही हेच सांगेन की तुटक विकू नका, आणि घाई असेल तर मुळात विकायलाच काढू नका.

माझा सगळा भरवसा एका वहीवर होता. भोसरीत तीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढल्यामुळे नोंदी ठेवायची खोड. इम्पेलर (इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारं रबरी चक्र) कधी बदलला, गिअर ऑईल कधी, प्लग कधी, दर वेळी घरी निघण्याआधी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवलं की नाही, सगळं तारखेनिशी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आत राहिलं की पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरमधलं बारीक भोकाचं जेट चोंदतं, म्हणून हा खटाटोप. वाटलं होतं, ही वही बघितली की गिऱ्हाईक भाव करणार नाही. आलेल्या सात जणांपैकी ती एकानेही उघडली नाही.

आठवा आला तो इंदापूर तालुक्यातला तिशीचा मुलगा, सोबत त्याचे वडील. मुलगा जाळी टाकतो आणि थंडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना फिरवतो. आबा धोतर सावरत थेट बोटीच्या मागे गेले. मला नमस्कारसुद्धा नाही. आधी इंजिनच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"गार हाय," मुलाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सायेब, तापवून ठिवलं न्हाई, बरं केलं."

मग पान्याच्या दांड्याने ते बोटीची पाठ ठोकत सुटले, जिथे इंजिन अडकवतात ती. फायबरच्या आत प्लायवूड असतं. पाणी शिरून ते कुजलं की आवाज बद येतो. डावीकडून उजवीकडे, बोटभर अंतराने, कान लावून. टण, टण, टण. मग इंजिन वर उचललं आणि त्याच्या पायावर जोर देऊन बघितलं, पाठ हलते का. हलली नाही. खाली गिअर ऑईलचा स्क्रू किंचित ढिला करून थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. दुधाळ असता तर सील गेलं, पाणी आत. थेंब स्वच्छ होता. मी तेरा वर्षं वहीत जे लिहीत होतो ते त्यांनी पाच मिनिटांत एका थेंबात वाचलं.

आता चालवून दाखवायचं. पाण्याबाहेर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या पाठीला अडकवायचं असलं इंजिन, चालवलं तर इम्पेलरचं रबर जळतं, म्हणून मी दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवलं होतं आणि वर जाड फळी ठोकली होती. इंजिन तिघांनी उचलून फळीला आवळलं, न्यूट्रलला टाकलं, चोक ओढला. पहिली दोरी नुसती. दुसऱ्या दोरीला सुरू. मागच्या भोकातून पाण्याची धार सुटली आणि आबा पहिल्यांदा हसले, "धार झ्याक मारतंय." निळा धूर मात्र जिन्यातून वर गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अग्निशमनला फोन करू का विचारलं. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज मी मुद्दाम मागून आणला होता. दोन्ही सिलिंडरमध्ये पाच पीएसआयचाही फरक निघाला नाही.

दोष मीच सांगितले. तळाच्या बुचाजवळ एक ठिगळ आहे, पंख्याचं एक पातं वेल्डिंग केलेलं आहे. ही बायकोने शिकवलेली गोष्ट, "त्यांना सापडण्याआधी तुम्ही सांगा." सौदा एक लाख ब्याऐंशी हजारांवर ठरला. चार लाइफ जॅकेट मी वर फुकट दिली. मुलगा म्हणाला, "काका, त्याचे पैसे लावा की." मी लावले नाहीत, फक्त घालायची असतात एवढं म्हटलं. मे महिना दोघांच्याही डोक्यात होता.

कागदांत एक दिवस गेला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा मुद्रांक बंद, म्हणून पाचशेच्या कागदावर विक्रीपत्र आणि नोटरी. त्यात इंजिनच्या क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा नंबर अक्षर न् अक्षर लिहिला, कारण चोरीची इंजिनं फिरत असतात आणि उद्या विचारणा झाली तर दोघांनाही तोच नंबर वाचवणार. मूळ बिल दिलं, नोंदणीचा कागद दिला, नाव बदलायच्या अर्जावर सह्या झाल्या. नोंदणीच्या कार्यालयातल्या रांगेबद्दल मी बोलत नाही.

बोट टाटा ४०७ वर चढली. नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागाचं, टोक मागे दोन हात बाहेर, त्याला लाल फडकं बांधलं. ट्रेलर मुलाने नंतर नेला. एका पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात सूचना लिहून दिल्या होत्या, दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिली ऑईल वगैरे.

चार दिवसांनी सकाळी सहाला फोन. "काका, बोट पाण्यात हाय. सुरू होतंय अन् दोन मिनिटांत बंद पडतंय."

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलास का?"

शांतता. मग दोरी ओढल्याचा आवाज, इंजिनची घरघर, आणि मागून आबांचा करडा स्वर.

"पुठ्ठ्यावर पहिल्याच ओळीत लिहिलंय रे," मी म्हटलं.

"पुठ्ठा घरी ऱ्हायला, काका."