आडवी रेघ

बोटीवरून येऊन कपडे धुऊन, वाळून कपाटात गेले, पण ती रेघ काही डोक्यातून जाईना. म्हणून आज लिहायला बसले.

बॅलार्ड पिअरला बोटीत चढायच्या आधी एक फॉर्म भरून घेतात. ताप आहे का, खोकला आहे का, आणि त्यातच खाली कुठेतरी, कुणाला विशेष मदत लागते का. टेबलामागच्या मुलीने मास्क लावला होता. मास्कवाल्या माणसाचं मला काही कळत नाही, ओठच दिसत नाहीत. मग सवयीने मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली, हाताने ‘छे छे’ केलं आणि मुलीने त्या रकान्यात पेनाने एक आडवी रेघ मारली. मला फॉर्म उलटा दिसत होता, पण रकाना कुठला ते वाचता येत होतं. डोळे अजून शाबूत आहेत माझे.

एवढंच झालं. कुणी काही टाकून बोललं नाही. बॅगा पुढं गेल्या, आम्ही पुढं गेलो, फोटो काढले, आमच्या अव्याने ते लगेच ग्रुपवर टाकले. मला मात्र त्या रेघेचा राग आला. यांचा नव्हे, रेघेचा. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं.

महाद्वार रोडवर हाच माणूस साडीच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगतो, “जरा मोठ्यानं बोला, हिला कमी ऐकू येतं.” अख्खं दुकान वळून बघतं. भाजीवालीला सांगतो, रिक्षावाल्याला सांगतो. ते मला आवडत नाही हे मी कितीदा सांगितलंय. मग जिथं सांगायला हवं होतं नेमकं तिथंच का नाही? तिथं सगळे गॉगल लावलेले, इंग्रजी बोलणारे, चाकांच्या बॅगा ओढणारे होते म्हणून? कोल्हापुरात बहिरी बायको चालते आणि मुंबईत चालत नाही, असं काही आहे का?

मी स्वतः का गप्प बसले, तो वेगळा विषय आहे. आज नको.

बोट सुटायच्या आधी, संकट आलं तर काय करायचं त्याची कवायत होते. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत व्हायची होती, म्हणून पुढे नियम कडक केला: सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती झालीच पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे जिथं सांगितलंय तिथं जाऊन उभं राहायचं. हे सगळं मी घरीच वाचून गेले होते, कारण तिथं कळणार नाही याची खात्री होती. आणि नाहीच कळलं. भोंगा कळला, तो छातीत कळतो. पण त्यानंतर लाउडस्पीकरवर जे काही सांगितलं, ते त्या मोठ्या हॉलमध्ये घुमून नुसता गोंगाट झाला. नारिंगी जॅकेटातला एक पोरगा पट्टा कसा अडकवायचा ते दाखवत होता, तेवढं बघून घेतलं. मध्येच सगळे डावीकडे वळले, मीही वळले. ह्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “मी आहे ना.”

हे ‘मी आहे ना’ त्या रात्री फार छळलं मला.

रात्री कानाचं मशीन काढून डबीत ठेवावं लागतं, समुद्राच्या हवेत तर नक्कीच, सिलिका जेलचे दाणे आधी तव्यावर गरम करून नेले होते. ते काढलं की मी गेलेच. डावा कान 85 डेसिबल, उजवा 57 (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी), आणि मला सवय उजव्या कुशीवर झोपायची. म्हणजे जो काय बरा कान आहे तो उशीत. कायद्याने दोन्ही कानांत 60 ते 70 असेल तर ऐकू कमी येतं असं धरतात, म्हणजे तीन डेसिबलने मी धडधाकट. शेजारी हे. हा माणूस शेजारच्या लग्नाच्या डीजेत घोरतो. सात भोंगे वाजले तर याला कोण उठवणार? मीच की. आणि मला? खाली इंजिनाची थरथर गादीतून अंगात येत होती. ती जरा वाढली की मी उठून बसायची, दाराखालच्या फटीतून उजेड दिसतो का बघायची. एकदा तर मशीन घालायला म्हणून नवा सेल काढला. त्याचं चॉकलेटी स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यावी लागते, मग सेल नीट चालतो. ते मिनिटभर तो बटणाएवढा सेल तळहातावर घेऊन बसले. रडू आलं. कशाचं ते विचारू नका. आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही तिला… जाऊ दे.

परदेशातल्या कितीतरी बोटींवर मागितलं तर एक पेटी देतात म्हणे. दार वाजलं की दिवा उघडझाप होतो, भोंगा झाला की उशीखालची चकती थरथरते. पण त्यासाठी आधी कळवावं लागतं. कुठं कळवायचं? त्याच रकान्यात.

सकाळी यांना चहाला बसवून मी एकटीच काउंटरवर गेले. कागदावर लिहून नेलं होतं: मला ऐकू कमी येतं, रात्री मशीन काढते, भोंगा झाला तर मला कसं कळेल? पोरगा हसतमुख. त्याने वाचलं, पेन घेतलं आणि खाली छान अक्षरात लिहून दिलं, “काळजी करू नका मॅडम, आम्ही येऊन दार वाजवू.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे. मग त्याचं त्यालाच कळलं, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला बिचारा. मला एवढं हसू फुटलं की मागच्या रांगेतले बघायला लागले. मग त्याने कुणाला तरी बोलावलं. दिवा, चकती असलं काही नव्हतं त्यांच्याकडे, पण माझा केबिन नंबर यादीत लिहून घेतला आणि सांगितलं की वेळ आलीच तर माणूस चावीने दार उघडून आत येऊन हलवेल. ठीक आहे. निदान कुठंतरी नाव लागलं. हे सगळं मी यांना सांगितलं नाही. अजूनही नाही.

त्यानंतर झोप लागली मला. पुढचे दिवस मजेतच गेले म्हणायचे. डेकवर वारा मशीनच्या माइकमध्ये नुसता फडफडतो, म्हणून तिथं मशीन खिशातच. सांगलीच्या एक बाई जेवणाच्या टेबलावर रोज भेटायच्या, सुनेपासून सुरू व्हायच्या आणि सुनेवरच संपायच्या. हे आणि अव्या बिचारे माना डोलवत बसायचे. मी आवाज दोन घर खाली करून सोलकढी प्यायची. अगदी सगळंच काही वाईट नसतं. यांनी घरून कांदा-लसणाची चटणी नेली होती, ती डब्यातून काढून त्यांच्या त्या फिक्या भाज्यांवर भुरभुरायचे, वेटर रोज डब्याकडे कौतुकाने बघायचा. रात्रीच्या शोला मात्र गेले नाही. असल्या हॉलमध्ये लूप बसवलेला असला की स्टेजवरचा आवाज सरळ मशीनमध्ये येतो, पण तशी खूण कुठं दिसली नाही, आणि सगळे हसल्यावर अर्ध्या सेकंदाने हसायचा मला आता कंटाळा आलाय.

पण रेघ राहिलीच.

परवा दुपारी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. बोट कशी होती, उलट्या झाल्या का, वगैरे झालं. मग म्हणाल्या, “अगं, टीव्ही जरा बारीक ठेवत जा की. तुमच्या बातम्या आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. तुला लागत असंल मोठा, पण रात्री जरा…”

मी ‘हो’ म्हणून वर आले, चपला काढल्या आणि जिथल्या तिथं उभी राहिले. कारण टीव्हीचा आवाज मला लागतच नाही. गेल्या दिवाळीत अव्याने टीव्ही मशीनला जोडून दिल्यापासून तो माझ्या कानात परस्पर येतो. टीव्ही मुका ठेवला तरी मला ऐकू येईल. मग एवढा मोठा कुणासाठी चालू असतो?

संध्याकाळी लक्ष ठेवून बसले. बातम्या देणारी बाई पुटपुटते, असं यांचं म्हणणं. नातू फोनवर नीट बोलत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला सांगतात, ‘तुझं लक्ष असतं’ म्हणून. मी मुद्दाम पाठ करून, साध्या आवाजात विचारलं, “अहो, उद्या रंकाळ्यावर जाऊया का भेळ खायला?” तर मान हलवली, हाताने ‘छे छे’ केलं. भेळेला! या माणसाने आयुष्यात भेळेला नाही म्हटलेलं नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. न ऐकू आलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावं, त्यात धोका कमी, ही युक्ती माझी. वर्षानुवर्षं वापरलीय मी ती. ‘आणखी वाढू का’ला चालते, ‘राग आलाय का’ला चालते. ‘विशेष मदत लागते का’लाही चालून गेली असेल. त्या मुलीने मास्कच्या आत काय विचारलं हे दोघांपैकी कुणालाच कळलं नसेल, आणि मी इतक्या रात्री त्यांच्या मनात लाज, माया, अहंकार असलं काय काय शोधत बसले.

किंवा नसेलही तसं. ऐकू आलेलं असेल नीट आणि तरीही. विचारलं तर ‘नाही’च म्हणणार, आणि तो कुठला नाही हे मला कसं कळणार?

राजारामपुरीतल्या, ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंकडे उद्या पाचची वेळ घेतलीय. माझ्या मशीनचं सर्व्हिसिंग आहे, सोबत चला, असं यांना मोठ्यानं सांगितलंय. बाईंना आधीच मेसेज करून ठेवलाय की खुर्चीत दुसऱ्याच कुणाला तरी बसवायचंय.