लेबल नसलेला बेल्ट मी देत नाही

मुंबईच्या गोदीत मी गिअर स्टोअर, म्हणजे माल उचलायच्या सामानाची कोठी, सांभाळतो. माल क्रेनला अडकवायचे तारेचे दोर म्हणजे वायर स्लिंग, जोडायच्या लोखंडी कड्या म्हणजे शॅकल, जाळ्या आणि विणलेल्या पट्ट्याचे वेब स्लिंग, ज्याला आमच्याकडे सगळे बेल्टच म्हणतात, हे सगळं माझ्या खिडकीतून जातं आणि पाळी संपली की परत येतं. रोज कुणीतरी मुकादम अडून बसतो, "भाऊ, बेल्ट नवाच आहे हो, लेबल तेवढं निघालंय." मी देत नाही. त्या बेल्टखाली हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या खणात, माणसं उभी असतात.

लेबल गेलं की बेल्ट कशाचा, हेच कळत नाही. पॉलिस्टर आणि नायलॉन हातात घेतले तर सारखेच लागतात. लेबल निळं असेल तर पॉलिस्टर, हिरवं असेल तर नायलॉन. कॉस्टिक सोड्याने पॉलिस्टर खराब होतं, तर बॅटरीच्या अ‍ॅसिडने नायलॉन. मग कुठल्या मालाला कुठला बेल्ट द्यायचा, हे कशावरून ठरवायचं?

वजन पट्ट्याच्या रंगावरून ओळखतात: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4, लाल 5. नवी पोरं हिरवं लेबल बघून 2 टन समजतात, ते आधी सुधारावं लागतं. शिवाय हे आकडे सरळ उचलायचे. मालाभोवती बेल्टचा फास मारून उचललं तर 5 टनी बेल्टवर 4 टनच धरायचे. आणि उन्हाने विटलेला लाल पट्टा कशावरून लाल म्हणायचा? तिथेही शेवटी लेबलच बघावं लागतं.

परत आलेला बेल्ट मी टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी हात फिरवत बघतो. एखादी जागा कडक, चकचकीत लागली तर तिथे घर्षणाने धागे वितळलेले असतात. कडेची चीर आणि डोळ्याजवळची, म्हणजे हुकात अडकवायच्या टोकाच्या वेटोळ्याजवळची, शिवण तर बघतोच. जाळीच्या दोराचा पीळ उलगडून आत बघायचं. वरून धडधाकट दिसणाऱ्या दोरातून भुकटी पडली की ती जाळी बाद. वायर स्लिंग कधी बाद करायची, याचं माप 1990 च्या गोदी कामगार नियमांत दिलंय: व्यासाच्या आठपट लांबीत तुटलेल्या तारा एकूण तारांच्या 10 टक्क्यांहून जास्त दिसल्या, तर ती वापरायची नाही.

खारं पाणी लागलेलं सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, कारण वाळलेल्या मिठाचे कण आतून धागे कापतात. वाळवायचं मात्र सावलीत. पत्र्यावर उन्हात टाकलेले बेल्ट बघितले की माझा जीव तुटतो. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागले तरी चालतील, पण ओलं गुंडाळून ठेवायचं नाही. जमिनीवर तर काहीच नको, सगळं खुंटीला टांगलेलं हवं.

बाद झालेल्या बेल्टचे दोन्ही डोळे मी स्वतः कापतो, मगच तो भंगारात जातो. अख्खा टाकला तर कुणीतरी ट्रक बांधायला उचलून नेतो आणि चार दिवसांनी तोच बेल्ट क्रेनच्या हुकाला दिसतो.